सुतकाची हजेरी

देवासात त्या काळी रस्ता ओलांडला की राज्य बदलायचं. बाजारातून जाणाऱ्या मोठ्या रस्त्याच्या एका अंगाला थोरली पाती, दुसऱ्या अंगाला धाकटी. राजे दोन, कचेऱ्या दोन, पोलीस दोन आणि मेलेल्या माणसांच्या नोंदवह्यासुद्धा दोन. समोरच्या घरी विरजण मागायला जाणारी बाई दिवसातून चारदा परराज्यात जाऊन यायची आणि तिला त्याचं काहीही वाटायचं नाही. बाहेरच्या माणसाला याची गंमत वाटे. पण याच गमतीपायी एका साली शेहेचाळीस मुलींचे जीव टांगणीला लागले होते, म्हणून जानकीबाईची गोष्ट सांगायची.

जानकीबाई थोरल्या पातीतली. नवव्या वर्षी लग्न, सोळाव्या वर्षी कपाळ पांढरं आणि मग कायमची माहेरी. वडील दफ्तरात कारकून. त्यांनी भाऊबंदांची कुजबूज कानाआड करून लेकीला मोडी शिकवली, बाळबोध शिकवली, त्रैराशिकापर्यंत गणित शिकवलं. बाई चाळिशीला आली तेव्हा पातीत मुलींची शाळा निघाली, आणि शिकवायला बाईमाणूस म्हणून गावात एकटी तीच सापडली. दिसायला किरकोळ, पण नाकावर राग. कुणी काही सांगितलं की तिचे तीन प्रश्न ठरलेले : कोण म्हणतं? त्यानं स्वतः पाहिलं का? आणि किती पाहिली?

"वन्सं, तुम्ही वर गेल्यावर देवालासुद्धा विचाराल, कुणी पाहिलं म्हणून," असं तिची भावजय सुमंगला हसून म्हणायची. घरात त्या दोघी, धाकटा भाऊ श्रीपाद आणि त्याची सात वर्षांची कमल. श्रीपाद पातीच्या कचेरीत कारकून होता. माणूस चांगला, फक्त साहेबांच्या भुवईकडे पाहून बोलणारा. अशा माणसांवर फार रागावताही येत नाही.

एकोणीसशे तीनच्या हिवाळ्यात माळव्यात प्लेग आला. पातीचे डॉक्टर यशवंतराव यांनी लस मागवली आणि घरोघर टोचणी सुरू केली. बायका पडद्याआड बसायच्या आणि पडद्याच्या फटीतून फक्त दंड बाहेर काढायच्या. डॉक्टरांच्या यादीतही त्यांची नावं नसायची, 'अमक्याच्या घरच्या बायका दोन', एवढंच. श्रीपाद कचेरीचा माणूस, म्हणून सुरुवात त्याच्या घरापासून झाली. आळीतल्या बायका ओसरीवर जमल्या होत्या खऱ्या, पण सगळ्यांची पाचावर धारण बसलेली. तेव्हा सुमंगलेनं पदर खोचला, आत गेली आणि पहिला दंड तिनं पुढे केला. मागून जानकीबाईनं केला. त्यांच्यामागून चाळीस बायकांनी.

माघात सुमंगलेला ताप भरला. दुसऱ्या दिवशी काखेत गाठ आली.

नियम असा होता, की घरात गाठीचा रोगी निघाला की कौलं उतरायची, जमीन खणायची, अंथरुणं जाळायची आणि घरच्यांची रवानगी गावाबाहेरच्या झोपड्यांत. आणि इथे तर टोचणीचा नमुना म्हणून दाखवलेलं घर! श्रीपादनं गणोजी गाडीवानाची पडदा लावलेली दमणी बोलावली आणि बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, गर्दीचा फायदा घेऊन बायकोला रस्त्यापलीकडे धाकट्या पातीत नेलं. तिथे त्याची चुलत आत्या अक्का एकटी राहायची. जानकीबाईनं स्वतः वळकटी बांधली आणि दमणीत ठेवली. "वन्सं, मला कुठं नेता?" सुमंगलेनं विचारलं. "अक्काकडे गं, हवापालट," जानकीबाई म्हणाली. आयुष्यात ती फार थोड्या वेळा खोटं बोलली असेल, त्यातली ही एक वेळ.

चौथ्या दिवशी सुमंगला गेली. नोंद धाकट्या पातीच्या वहीत झाली. पुढे कुणी विचारलं तर श्रीपाद सांगू लागला, की ती सुईला घाबरून ऐन वेळी माजघरात लपली होती आणि पडद्याआडचा दुसरा हात अक्काचा होता. हात काय, सगळ्यांचे सारखे. लोकांनी मान डोलावली. कमललाही हेच सांगितलं. तेव्हापासून पोर येताजाता म्हणायची, "मी नाही आईसारखी भित्री." जानकीबाईनं एकदाही ते खोडून काढलं नाही.

पुढचा हिवाळा तोंडावर आला. आश्विनात एके दिवशी श्रीपाद डॉक्टरांच्या अहवालाचा कच्चा कागद शुद्ध नक्कल करायला घरी घेऊन आला. त्यानं लिहायचं आणि ताईनं वाचून दाखवायचं, अशी त्यांची जुनी रीत होती. जानकीबाई वाचत गेली. थोरल्या पातीत टोचलेली माणसं अकराशे चाळीस, त्यांतले प्लेगनं मेले दोन. धाकट्या पातीत, जिथे लस पोचलीच नव्हती, तिथे मेले शहाण्णव. सबब, ज्या घरात सगळ्यांना टोचलं आहे त्या घरानं उंदीर मरून पडले तरी गाव सोडायचं कारण नाही, आणि टोचलेल्या मुलांच्या शाळा गावातच चालू ठेवाव्यात. आठ दिवसांनी पातीच्या प्लेग कमिटीपुढे वाचून मंजुरी.

"दोन?" जानकीबाई थांबली. "यात सुमंगला कुठं आहे?"

श्रीपादनं टाक खाली ठेवला नाही. "ताई, पुढचं वाच."

"आणि रस्त्यापलीकडे नेलेली बाकीची? आपण एकटेच थोडे होतो?"

"पुढचं वाच म्हणतो ना."

तिनं पुढचं वाचलं. पण डोक्यात एकच घण पडत होता : येत्या थंडीत उंदीर पडतील, लोक टोचणीचा दाखला खिशात ठेवून निर्धास्त घरात बसतील, आणि माझ्या पोरी त्याच गावात, त्याच शाळेत, पाटीवर बाराखडी गिरवत बसतील. कमलसकट.

पुरावा कुठून आणायचा? धाकट्या पातीची वही थोरल्या पातीच्या मास्तरणीला कोण दाखवणार! मग तिला आपल्याच शाळेचा हजेरीपट आठवला. मुलगी गैरहजर असली की कारण लिहायचं हा तिचा शिरस्ता होता. तापाला 'ता.', लग्नाला 'ल.', सुतकाला 'सु.' माणूस रस्त्यापलीकडे नेता येतं, वहीतून लपवता येतं. पण सुतक लपवायची कुणाची छाती होती? ते घरात पाळावंच लागतं आणि दहा दिवस मुलगी शाळेत येत नाही. पौष ते फाल्गुन तिनं 'सु.' मोजले. एकतीस भरले.

एकतीस! बाईनं लुगडं सारखं केलं आणि हजेरीपट काखेत मारून ती तडक दवाखान्यात गेली.

यशवंतराव कष्टाळू माणूस. लस टोचून टोचून त्यांच्या बोटांना घट्टे पडले होते. त्यांनी शांतपणे पट चाळला आणि एका पानावर बोट ठेवलं. "बाई, या पाच मुली एकाच तिथीला गैरहजर. पाचही इंगळ्यांच्या. एकच भाऊकी ना?"

जानकीबाईनं पान जवळ ओढलं. एका घरात माणूस गेलं की सगळ्या भाऊकीला सुतक. पाच 'सु.', मयत एक. साधी गोष्ट, कुणाही बाईला ठाऊक असलेली, आणि शाळेत मुलींना बेरीज शिकवणारी ही बाई तीच विसरून आली होती.

"आणि कुणाचा काका साताऱ्याला गेला, इकडे पत्र आलं, तरी सुतकच," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज आता चढला. "लोक आधीच टोचणीला भितात. त्यात तुमचे हे एकतीस गावात फिरले तर उद्या एकही दंड पुढे येणार नाही. त्या मेलेल्यांचं पाप कुणाच्या माथी?"

तिनं पट मिटला. घरी येताना तिला रस्ता दिसत नव्हता. चूक झाली याची लाज होतीच. त्याहून मोठी धास्ती ही, की चूक सापडली म्हणून आता खरंही कुणी ऐकणार नाही. आणि डॉक्टर बोलले त्यात खोटं काय होतं? चुकीचा आकडा घेऊन ती आणखी चार पावलं गेली असती तर तिच्याच हातून माणसं मेली असती.

सहा दिवस उरले होते.

तिनं पट पुन्हा उघडला. या वेळी कूळ पाहिलं, तिथी पाहिली आणि एका भाऊकीचे, एका तिथीचे 'सु.' एकत्र बांधले. एकतीसाचे चौदा झाले. मग शाळा सुटली की घरोघर. शाळेच्या शेहेचाळीस मुली मिळून तीस घरं होती. कुणी दारातच कानावर हात ठेवले, कुणी गूळपाणी देऊन ताकास तूर लागू दिली नाही. एकीनं तर तोंडावर दार लावलं. जानकीबाई त्याच दारापाशी उभी राहून म्हणाली, "तुमचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही, अगदी मेले तरी. मला फक्त तीन गोष्टी सांगा. कुठं गेलं माणूस, गाठ होती का, आणि टोचलं होतं का." दार उघडलं. आतली बाई आधी रडली आणि मग बोलली. माणसांना खरं सांगायचं असतं हो, विचारणारं कुणी नसतं.

गणोजीला तिनं टांग्यांच्या अड्ड्यावर गाठलं. "गणोजी, त्या थंडीत माझ्या शाळेच्या पोरींच्या घरांतून तुझ्या दमणीनं रस्त्यापलीकडे किती नेलीस?"

"बाईसाहेब, मेरे को मत फसाओ. मी काय बोलू? माणसं न्यायची न् सोडायची, अपना काम इतनाच." मग इकडेतिकडे पाहून त्यानं आवाज खाली आणला. "त्या घरांतून आठ. वहिनीसाहेब पकडून आठ. गिनतीच्या बाहेर कैसे जायेंगे, रोज सपन्यात येतात."

तिच्या चौकशीतही आठच निघाले. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला तेव्हा तिला पहिल्यांदा पायाखाली जमीन लागली. चौदांतले तीन मृत्यू परगावचे. उरले अकरा, सगळे गाठीचे. त्यांतले तीन थोरल्या पातीच्या वहीत होते, आठ रस्त्यापलीकडे नेलेले. अकरांपैकी टोचलेले चार. मग तिनं त्या तीस घरांतली सगळी माणसं मोजली, जिवंतसुद्धा, कारण नुसते मेलेले मोजून काही कळत नाही एवढं तिला कळत होतं. टोचलेली एकशे वीस, त्यांत मेले चार : तीसांत एक. न टोचलेली ब्याण्णव, मेले सात : तेरांत एक. म्हणजे टोचणी उपयोगाची होती, चांगली उपयोगाची. पण टोचलं म्हणून उंदरांच्या गावात बसून राहावं इतकी नव्हे.

कमिटीच्या आदल्या दिवशी श्रीपादनं तिचा हिशेबाचा कागद पाहिला. "चार," तो म्हणाला. "त्यात ती आहे?"

"आहे."

"ताई, तू नावं घेणार?"

"लोकांची नाही. शब्द दिलाय."

"आणि आपलं?" तिनं कागदाची घडी घातली. तेव्हा तो तिच्या पायाशीच बसला. पस्तिशीचा बाप्या, डोळ्यांत पाणी. "माझी नोकरी जाईल. ती गेली तरी मी पाहून घेईन. पण कमलला मी काय सांगू? सांग ना, काय सांगू?" जानकीबाईला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं आणि थोबाडीत मारावीशीही वाटली. तिनं दोन्ही केलं नाही.

कमिटी कचेरीच्या दिवाणखान्यात दुपारी बसली. अध्यक्ष बापूसाहेब, पेन्शनीत निघालेले न्यायाधीश. शेजारी चार सभासद, डॉक्टर, आणि कोपऱ्यात बैठकीचं टिपण लिहायला श्रीपाद. जानकीबाई दाराशी बांबूच्या चिकाच्या पडद्याआड बसली. बायकांनी कमिटीत येण्याची चाल नव्हती. बापूसाहेबांनी केवळ वडिलांच्या ओळखीवर येऊ दिलं होतं.

डॉक्टरांनी अहवाल वाचला. मग तिनं आपला कागद वाचला. सुरुवातीला घाईनं, आकड्यांपाशी आली तशी सावकाश आणि स्पष्ट. "साहेब, अख्ख्या पातीत टोचलेले मेले दोन म्हणता. माझ्या शाळेच्या तीस घरांतच चार आहेत."

"बाई परवा एकतीस म्हणत होत्या," डॉक्टर म्हणाले. सभासद हसले.

"म्हणत होते. चुकले होते. तुम्ही दाखवलंत म्हणून सुधारलं."

"म्हणजे टोचणी फोल, असंच ना?" एक सभासद उत्साहानं पुढे सरकला. त्याच्या मनात पहिल्यापासून तेच होतं.

"तुम्ही कान कुठं ठेवलेत?" जानकीबाई फाडकन म्हणाली. "तीसांत एक आणि तेरांत एक. टोचून घ्यायचंच. आणि घरही सोडायचं. दोन्ही."

बापूसाहेबांनी तिचा कागद मागवून स्वतः वाचला. "बाई, हिशेब नीट आहे. पण हा सगळा सांगोवांगीचा. हजेरीपटातल्या दोन अक्षरांवर मी पातीच्या डॉक्टरांचा अहवाल फिरवू? एक घर सांगा. एक नाव, ज्याची मला खातरजमा करता येईल."

चिकाच्या काड्यांतून तिला श्रीपाद दिसत होता. टाक कागदावर टेकलेला, मान खाली. तीस घरांना तिनं शब्द दिला होता. त्या तीसांत एक तिचं स्वतःचं होतं, आणि त्याला तिनं शब्द दिला नव्हता.

"लिहून घ्या," ती म्हणाली. "सौभाग्यवती सुमंगला. कारकून श्रीपादराव यांचं कुटुंब. टोचलेली. माघ वद्य षष्ठीला गाठ आली, सप्तमीला रस्त्यापलीकडे नेली, दशमीला गेली. नेताना वळकटी मी बांधली होती."

टाक हलला नाही. शाईचा एक थेंब कागदावर पसरत गेला. डॉक्टर उठून उभे राहिले, "पण मला तर सांगितलं होतं की दुसरा हात अक्काचा—"

"श्रीपादराव," बापूसाहेब म्हणाले, "खरं काय?"

जानकीबाईला वाटलं, हा आता नाही म्हणेल आणि सगळं संपेल. कमल, इंगळ्यांच्या पाची जणी, बाकीच्या, सगळ्या त्या शाळेत बसतील. मग टाकाचा कुरकुर आवाज आला. श्रीपाद लिहीत होता. एक ओळ, दुसरी ओळ. लिहून झाल्यावर त्यानं मान वर केली.

"खरं आहे," तो म्हणाला. "दुसरा हात ताईचा. पहिला तिचा."

यशवंतराव खाली बसले. चेहरा काळवंडला होता, कारण त्या घराचा दाखला त्यांनी गावभर दिला होता. त्यांनी आपला अहवाल पुढे ओढला. मग श्रीपादकडून टाक मागून घेतला आणि गाव सोडायचं कारण नाही, ही ओळ स्वतःच्या हातानं खोडली. त्या माणसाबद्दल जानकीबाईच्या मनात पुढे कधी वाकडं आलं नाही.

हुकूम निघाला : टोचून सगळ्यांनी घ्यायचं, आणि पहिला उंदीर पडला की गाव सोडायचा. रोगी लपवल्याबद्दल श्रीपादला सहा महिने घरी बसवलं. पौषात थोरल्या पातीत उंदीर पडले तेव्हा शाळा टेकडीमागच्या माळावर, झोपड्यांत भरत होती. त्या हिवाळ्यात जानकीबाईच्या हजेरीपटावरून एकाही मुलीचं नाव कमी झालं नाही. पण हे सगळं मागाहूनचं.

कमिटीच्या दिवशी संध्याकाळी दोघं बहीणभाऊ घरी आली. कमल ओसरीवर सागरगोटे खेळत होती. श्रीपाद तिच्यासमोर खाली बसला. जानकीबाई आत जायला निघाली, तसा तो म्हणाला, "ताई, थांब. तूही ऐक."

"कमल, तुझी आई सुईला घाबरली नव्हती. आळीतल्या सगळ्या बायका घाबरल्या होत्या, तेव्हा पहिला दंड तिनं पुढे केला. मी तुला खोटं सांगितलं. घाबरलो मी होतो."

कमलनं सागरगोटे जमिनीवर ठेवले. बापाकडे पाहिलं, मग आत्याकडे.

"मग तिला आपल्या घरात का नाही राहू दिलं?"

श्रीपादनं जमिनीवरचे सागरगोटे एकेक करून गोळा केले. जानकीबाई त्या दोघांपाशी खाली बसली. कमल वाट पाहत बसून राहिली.